गिरजाबाईच्या फ्रेंच कपबश्या

मी, सत्यशीला देवराव उंदीरवाडे, निवृत्त शिक्षिका, वय पासष्ट, राहणार आलापल्ली, डोके ताळ्यावर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पाढे म्हणण्याची पैज लावावी.

घर व शिलाई मशीन भाची अंजनाला. बँकेतली शिल्लक विहारातल्या वाचनालयाला.

खरी मिळकत म्हणजे फ्रान्समधल्या लिमोज गावच्या चिनी मातीच्या कपबश्या. तिथल्या एका वैद्याच्या बायकोला पांढरी माती सापडली, ती तिला कपडे धुवायला बरी वाटली आणि तीच पुढे भट्टीतून श्रीमंतांच्या टेबलावर गेली, असे मी वाचले आहे. माझी आई गिरजाबाई जंगलसाहेबाच्या बंगल्यावर धुणे धुवायची. साहेब मायदेशी निघाले तेव्हा मडमेने हा संच तिलाच दिला आणि योग्य बाईला दिला. आईने घरी येऊन पहिलाच कप राखेने घासला, त्याची सोनेरी कड गेली. सोने सगळ्यांत शेवटी, कमी आचेवर, वरून चढवतात. हे तिला कोण सांगणार?

पाटलांनी मात्र चोरीचा बोभाटा केला. त्यांच्याकडे आमच्यासाठी कान तुटलेला कप वळचणीला खोचलेला असे, त्यामुळे आमच्या घरातले कप त्यांना सहन होईनात. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतल्यावर आईने याच कपांतून सगळ्या वस्तीला चहा पाजला. तरी मरेपर्यंत चोरीचा डाग तिच्यावर राहिला. याचा मला अजून संताप येतो.

अंजनाला संच देण्याआधी तो डाग निघावा, म्हणून पाटलांचे चिरंजीव गुणवंतराव यांना काल बोलावले. मडमेने संच दिला त्या दिवशी ते बंगल्यावर होते. चहा संपवून ते म्हणाले,

"बाई, मडमेनं माह्यासमोर देल्ला. बाबाले भेत होतो, म्हून बोललो नाई."

"मंग आता लिहून द्या," मी म्हणाले. त्यांचा कप बाकीच्या कपांतच धुतला.

अंजनाने संच कपाटात कोंडू नये. रोज वापरावा, येईल त्याला त्यातच चहा द्यावा. कप फुटला तर कोणावर रागावू नये.

सही: सत्यशीला उंदीरवाडे
आलापल्ली, ९ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार:
१. नथ्थू रामटेके, पोस्टमन
२. गुणवंतराव भांडेकर. हा संच मडमेने गिरजाबाईंना माझ्यादेखत दिला. माझे वडील खोटे बोलले.