तुझ्या रक्ताचा निकाल आला, कुसुम

प्रिय कुसुम,

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. काय लिहिणार होते? पण काल प्रयोगशाळेत एक निकाल हाती आला आणि तो सगळ्यांत आधी तुलाच सांगावासा वाटला.

मुंबईसह महाराष्ट्र झाला, हे तुला कुणी कळवायला नकोच. लालबागेत काय जल्लोष झाला म्हणून सांगू! तू असतीस तर आठवडाभर घसा बसला असता तुझा.

मला मात्र त्या गर्दीतही चार वर्षांपूर्वीचे ते गोळीबाराचे दिवसच आठवत होते. गिरगावात संचारबंदी. डासांतून काढलेला तापाचा विषाणू उंदरांना टोचायची त्या दिवशी माझी पाळी होती. खालच्या दुकानातून मी परळला प्रयोगशाळेत फोन केला, तर तूच उचललास! काळाचौकीहून गल्ल्याबोळांतून चालत पोचली होतीस.

"नलू, तू घरातच बस. तुझ्या उंदरांना मी टोचते."

"अगं पण सुई जपून हं!"

"तुझ्यापेक्षा माझा हात बरा आहे," म्हणालीस आणि हसलीस. खरं होतं ते.

आठवड्याभरात तुला ताप भरला. कुठं काम करतेस हे ऐकल्यावर डॉक्टरांनी प्रयोगशाळेतलाच ताप म्हणून मान हलवली. तेवीस दिवस तू झुंजलीस. सुई लागली होती का, असं मी तुला कितीदा विचारलं, आठवतं? दर वेळी "नाही" म्हणालीस. मी विश्वास ठेवला नाही. मला वाचवायला खोटं बोलते आहेस, असंच धरून चालले. किती हट्टी होते मी!

तू गेल्यावर डासांचा विभाग सोडला. सापाच्या विषावरची लस तयार होते ना, तिकडे घोड्यांच्या विभागात गेले. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, मग त्याचं रक्त त्या विषाला ओळखून तोंड द्यायला शिकतं. रोज तेच बघत होते. तरी तुझ्या रक्तालाही विचारता येईल, हे मनात आणायला धजले नाही. उत्तर काय येईल, याची भीती वाटायची गं!

गेल्या महिन्यात डासांच्या विभागातल्या आपल्या साहेबांनी शीतपेटी साफ करायला काढली. तुझ्या नावाची नळी हातात घेऊन मला म्हणाले, "तिसऱ्या आठवड्यातलं रक्त आहे हे. टाकायचं का?"

"नको," मी म्हटलं, "मी तपासते."

तुझ्या रक्तातला निव्वळ द्रव त्या विषाणूत मिसळून तान्ह्या उंदरांना टोचला. तुला तोच ताप आला असता, तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत तुझ्या रक्तात त्याचा प्रतिकार तयार झाला असता आणि उंदीर वाचले असते. त्या तापातून बऱ्या झालेल्या एका सहकाऱ्याचं रक्त दुसऱ्या गटाला दिलं होतं. ते उंदीर टुणटुणीत आहेत. तुझे सगळे मेले, कुसुम! उंदीर मेले म्हणून टेबलावर डोकं टेकून रडणारी मीच पहिली असेन.

खात्रीसाठी पुन्हा करून बघितलं. काल तेच उत्तर आलं. तुला सुई लागली नव्हती. तू खरंच सांगत होतीस.

मग तुला झालं तरी काय होतं? ते आता कळायचं नाही. त्याची हळहळ राहीलच. पण ते माझ्या उंदरांपायी नव्हतं, एवढं नक्की.

तशीच उठून तुझ्या आईकडे गेले. सगळं सांगितलं. त्या ताट वाढायला उठल्या.

"चार वर्सां ह्यां मनात घेवन बसललंस? मी तुका कधी बोल लावलंय काय गो?"

"नाही हो, कधीच नाही."

"मगे? आता जेवन जा."

मी जेवले. दोनदा भात मागून घेतला. घरी येऊन आडवी झाले ती थेट सकाळी उठले.

सोमवारपासून डासांच्या विभागात परत जाते आहे. साहेब 'हो' म्हणाले. तिथं दोन नव्या मुली आल्या आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही साधी कणकण आली, तरी तिचं रक्त मी त्याच दिवशी तपासायला घेईन, आणि ती काय सांगते ते आधी ऐकून घेईन. हा शब्द तुला देते.

तुझीच,
नलू