टोरांटोचे वीस तास

आये,
लांबूनच पाया पडतो.

तुझा पासपोर्ट आल्याचं शेजारच्या प्रांजलने कळवलं. पण पनवेल ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, लंडनला विमान बदलून वीस तास. तुझे गुडघे टिकायचे नाहीत. "विमान काय माज्या पायांनी चालतंय?" म्हणशील. हट्ट करू नकोस.

माझ्या सासूबाई परवा तिकडूनच आल्या. गुडघे त्यांचेही दुखतात, पण व्हीलचेअर मिळते. बाळ त्यांच्याच कुशीत झोपतं. तू बाळासाठी धाडलेली गोधडी त्यांनी दोनदा धुतली, सुकटीचा वास येत होता.

गुडघ्यांना तेल लावतेस ना? पासपोर्ट जपून ठेव, रेशनकार्डाला पुरावा म्हणून चालेल.

जे मिठागर विकून मला इथे धाडलंस, तिथे विमानतळ झाला की विमानं घरावरूनच जातील. अंगणातून हात कर, नातवाला भेटल्यासारखं होईल.

तुझाच,
हरेश