शॅनाके डॅक्रेसला गोलात परत उभे करण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (शालेय क्रीडा),
परगणा शिक्षण कार्यालय,
पोर्ट मारिया, सेंट मेरी परगणा, जमैका.

अर्जदार: कु. ॲबिगे लिंडो, इयत्ता दहावी, विल्टनफील्ड हायस्कूल. मुलींच्या फुटबॉल संघाची कर्णधार (सध्या राखीव, हे एकाच वेळी कसे शक्य आहे ते खाली येईल).

विषय: फुटबॉल संघाची निवड मैदानावर व्हावी, लोकांच्या स्वयंपाकघरात नव्हे, आणि आमच्या गोलकीपरचे नाव शुक्रवारच्या आत यादीत परत यावे याबाबत.

संदर्भ: १) शाळेच्या फलकावर लागलेली संघाची यादी. २) मुख्याध्यापिकांच्या दाराशी उभी राहून केलेली माझी तोंडी विनंती, तिला मिळालेले उत्तर: "नंतर ये."

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळविते की मी अत्यंत रागात आहे. अर्जात राग लिहू नये असे आमच्या भाषेच्या मिसनी शिकवले आहे. म्हणून तो इथे एकदाच लिहिते आणि पुढे फक्त हकीकत सांगते. हकीकत सांगताना तो पुन्हा वर आला तर त्याला माझा इलाज नाही.

१. गेल्या जूनमध्ये अकरावीच्या, म्हणजे शेवटच्या वर्गाच्या मुली शाळा सोडून गेल्या आणि त्यांच्याबरोबर आमचा जवळजवळ सगळा संघ गेला. उरलो आम्ही चौघी आणि एक हवा न धरणारा चेंडू. तेव्हा आमच्या क्रीडाशिक्षिका मिस टॅपर यांनी नवा संघ बांधायला घेतला. भर उन्हात, बकऱ्या हाकलून, प्रत्येक वर्गातल्या मुलींना त्यांनी मैदानावर पळवून पाहिले. मी मागच्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा इतक्या हळू 'यस मिस' म्हणायचे की माझी गैरहजेरी लागायची. मिस टॅपर म्हणाल्या, "लिंडो, तू मैदानावर ओरडतेस तेवढं वर्गात ओरडलीस तर पंतप्रधान होशील. आज कर्णधार हो." तेव्हापासून मी ओरडते. हा अर्जही त्यातलाच समजावा.

२. गोलकीपर कुठेच मिळेना. मग आठवीतली शॅनाके डॅक्रेस सापडली, तीही मैदानावर नव्हे, झाडाखाली. तिचा मामा नीरफणसाच्या झाडावर चढून फळे तोडून टाकतो आणि ती खाली उभी राहून झेलते. फळ जमिनीवर पडले की फुटते आणि बाजारात कोणी घेत नाही, म्हणून ती एकही पडू देत नाही. मिस टॅपर कुंपणापाशी थांबून बघतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पोरी, तुला चेंडू झेलायला आवडेल का?" शॅनाके म्हणाली, "मिस, तो हलका असतो का यापेक्षा?" महोदय, गोलात उभी राहिल्यापासून तिने सरावात माझे इतके फटके अडवले आहेत की मला रात्री तिचे हात स्वप्नात दिसतात.

३. आता पैशांविषयी. आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी न्यूयॉर्कला आहेत. ते दरवर्षी जेवण आणि नाच ठेवतात, तिकिटे विकतात आणि जमलेली रक्कम शाळेतल्या गरजू मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी आणि बसभाड्यासाठी पाठवतात. यंदा त्यांनी मुलींच्या संघासाठी बूटसुद्धा पाठवले. यात वाईट काहीही नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही हे कृपया अधोरेखित समजावे.

४. तक्रार आहे ती ही मदत वाटणाऱ्या इथल्या समितीविरुद्ध. समितीचे अध्यक्ष मिस्टर एव्हरार्ड फेसी हे निवृत्त जकात अधिकारी आहेत आणि कोणाचीही बॅग उघडून पाहायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. त्यांनी ठरवले की निधी गरजूंसाठी आहे, बूट निधीतून आले आहेत, तेव्हा बूट घालणारी प्रत्येक मुलगी गरजू असलीच पाहिजे, आणि ती गरजू आहे की नाही हे समिती घरी येऊन तपासेल. म्हणजे, महोदय, कोण किती वेगाने धावते, कोणाचा डावा पाय चालतो, हे कोणी विचारलेच नाही. ज्या घरी कमी सामान, ती मुलगी संघात.

५. समिती आमच्या घरी आली. मम्मीने डम्पलिंग तळले होते, ते त्यांनी खाल्ले. नंतर मिस्टर फेसींनी आमच्या फ्रिजकडे बोट दाखवले. मम्मी म्हणाली, "सर, तो वादळापासून बंद आहे. मुंग्या लागू नयेत म्हणून आत पीठ ठेवते." त्यांनी दार उघडून पीठ पाहिले. "पण फ्रिज आहे," ते म्हणाले आणि लिहून घेतले. अशा रीतीने पिठाच्या डब्यामुळे मी राखीव झाले. मिस टॅपर भांडल्या. "कर्णधार राखीव कशी असेल, सर?" तर उत्तर मिळाले, "कर्णधार राहू दे की. बाकावरून कर्णधारी करू दे." महोदय, जगात कुठे असे झाले असल्यास कळवावे.

६. ही बातमी पसरल्यावर वाडीत काय झाले ते सांगायला मला लाज वाटते, पण लाज माझी नाही. लोक सामान लपवू लागले. आमच्या बचावफळीतल्या एका मुलीच्या घरच्यांनी टीव्ही उचलून शेजारी नेऊन ठेवला. शेजारची मुलगी आमची दुसरी बचावपटू. समितीला तिथे दोन टीव्ही दिसले. तिचे नाव तिथल्या तिथे गेले आणि त्या दोन कुटुंबांचे बोलणे आजतागायत बंद आहे. आता एकीने चेंडू दिला तर दुसरी तो घेत नाही, आणि तशीही ती संघात नाही.

७. संघात आली ओनीका. ती गायनवृंदातली, गोड आवाजाची, आणि चेंडू आला की नम्रपणे बाजूला होणारी. मी तिच्यावर चिडले होते, तेही इथे नोंदवते. एके दुपारी ताटावर भात आणि राजमा घेऊन ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "ॲबी, रागावू नकोस. मला चेंडूची भीती वाटते गं. पण नाव काढलं तर जेवणही जाईल ना." त्यानंतर मी तिच्यावर चिडणे सोडले आणि तो राग ज्यांचा होता त्यांच्याकडे वळवला. भूक लागलेल्या मुलीला जेवायला मिळण्यासाठी मैदानात उभे का राहावे लागावे, एवढाच माझा प्रश्न आहे. तिला नुसते जेवण द्या ना. ती प्रार्थनेला गाते, तेवढे पुरे नाही का?

८. आता मूळ अन्याय. समितीच्या मोजणीत शॅनाके पहिली आली. तिची आई केमन बेटावर घरकाम करायला गेली आणि तिकडेच अडकली. शॅनाके आजीबरोबर एका खोलीत राहते. तेव्हा गोलकीपर तरी योग्य मिळणार, म्हणून आम्ही नाचलो. पण मग फोटोचा दिवस आला. समितीचा नियम असा की जी मुलगी मदत घेईल तिने बूट छातीशी धरून, गळ्यात स्वतःचे नाव आणि 'धन्यवाद' लिहिलेली पाटी घालून, हसत फोटो काढून द्यायचा. तो फोटो न्यूयॉर्कला जातो असे सांगतात, पण त्याआधी तो इथल्या सगळ्यांच्या फोनवर जातो. मागच्या वर्षी नववीतल्या मुलीचा गेला, तर मिनीबसचा कंडक्टर तिला भर गाडीत म्हणाला, "ये गं धन्यवाद, आत सरक." ती आता चालत येते, डोंगर चढून.

शॅनाके फोटोवाल्यासमोर उभी राहिली. पाटी गळ्यात घालून घेतली नाही. मिस्टर फेसींना म्हणाली, "सर, मी बूट घालून गोलात उभी राहते, तसा काढा. हातात धरून नको." हे ती अगदी शांतपणे म्हणाली, मी तिथेच होते. मिस्टर फेसी म्हणाले, "देणारी माणसं बर्फात उभी राहून राबतात. त्यांना चेहरा दाखवायला तुझं काय जातं? मी याच शाळेत जेवणासाठी बाकावर उभा राहून धन्यवाद म्हटलंय, आणि मी काही मेलो नाही." शॅनाकेने बूट खोक्यात ठेवले, झाकण लावले आणि "थँक यू, सर" म्हणून घरी गेली. दुसऱ्या दिवशी संघातून तिचे नाव आणि जेवणघरातून तिचे ताट, दोन्ही गेले. कारण लिहिले आहे: 'कृतज्ञतेचा अभाव'.

मिस्टर फेसींना द्यायचे एक उत्तर माझ्याकडे आहे. ते घरी भांडी घासताना सुचले, ते इथे देते. ते मेले नाहीत हे दिसतेच आहे. पण इतक्या वर्षांनीही त्यांना तो बाक आठवतो. त्या दिवशी ताटात काय होते, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

९. याचा परिणाम मागच्या शनिवारी दिसला. शेजारच्या शाळेशी सराव सामना झाला आणि गोलात ओनीकाला उभे केले. किती गोल झाले ते मी लिहीत नाही, कारण मला अजून या गावात राहायचे आहे. फक्त एवढे सांगते की प्रत्येक गोलनंतर ओनीकाने जाळीतला चेंडू उचलून, ताट पुसावे तसा पुसून, समोरच्या मुलींच्या हातात नेऊन दिला. मी बाकावरून ओरडून कर्णधारी केली. कुंपणापलीकडे शॅनाके उभी होती. प्रत्येक फटक्याला तिचे हात आपोआप वर जात होते आणि ती ते परत पाठीमागे नेत होती. महोदय, ते मला बघवले नाही. मी बाकावर पाठ फिरवून बसले आणि त्याबद्दल पंचांनी मलाच ताकीद दिली.

१०. देणाऱ्यांना चेहरा हवा असतो, हे खरे की खोटे, ते विचारायचे मी ठरवले. न्यूयॉर्कच्या मंडळातल्या मिस आयसिल्डा पिनॉक पूर्वी आमच्या आजीबरोबर चर्चमध्ये गायच्या. आता ब्रुकलिनला म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणे, भरवणे हे काम करतात. आजीच्या फोनवरून मी त्यांना फोन लावला. आधी त्यांनी आजीची तब्येत, पाद्रीबाबांची तब्येत आणि आमचा कुत्रा, सगळ्यांची चौकशी केली. मग मी सगळे सांगितले. त्यांनी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावले. मला वाटले पैसे संपतील. मग म्हणाल्या, "बाळा, मी फोटो कधी मागितला नव्हता. पण खोटं कशाला बोलू, आला की मला बरं वाटतं. फ्रिजवर लावते. कामावरून आले की त्या पोरीकडे बघून प्रार्थना करते." मी म्हटले, "मिस आयसिल्डा, शॅनाकेला नाही द्यायचा फोटो." त्या म्हणाल्या, "मग नको देऊ. आमच्या वेळी मलाही नसता द्यायचा, फक्त तेव्हा कोणी विचारलं नाही. तू असं कर, मला नुसत्या गोलचौकटीचा फोटो पाठव. मी तो लावते आणि प्रार्थना करते की आत काही जाऊ नये."

हे मी मिस्टर फेसींना जाऊन सांगितले. ते म्हणाले की एका बाईच्या फोनवरून नियम बदलत नाहीत, लेखी आणा. म्हणून हे लेखी.

तरी आपणास विनंती की,

(क) कोण खेळणार हे मिस टॅपर यांनी ठरवावे आणि कोण जेवणार हे पोटाने ठरवावे. या दोन गोष्टी एका कागदावर पुन्हा येऊ नयेत.

(ख) पाटी आणि फोटो बंद करावेत. देणाऱ्यांना आमची खुशाली कळवायची झाल्यास आम्ही पत्र लिहू. आमचे अक्षर चांगले आहे.

(ग) शॅनाके डॅक्रेसचे ताट आजपासून सुरू करावे. बाकी सगळे फायलीत जाऊन झोपले तरी हे झोपू नये.

(घ) शुक्रवारी दुपारी स्पर्धेची नोंदणी बंद होते आणि शनिवारी पहिला सामना आहे. यादीत अठराच नावे बसतात आणि ती भरली आहेत. मिस्टर फेसी म्हणतात, आता जागा कुठे आहे? जागा आहे. अठरावे, राखीव म्हणून लिहिलेले नाव माझे आहे. ते खोडून तिथे शॅनाकेचे लिहावे. हे वाक्य लिहिताना मी पेन खाली ठेवला होता, परत उचलला. माझी यास संमती आहे, मम्मीचीही आहे, खाली तिची सही आहे. मात्र चौकटीत चांगली गोलकीपर उभी राहावी म्हणून मैदानावरच्या मुलीला स्वतःचे नाव खोडावे लागते, ही गोष्ट आपल्या कार्यालयाच्या नोंदीत राहावी अशी माझी इच्छा आहे. शाईने राहावी.

मी बाकावर बसायलाही नसेन, पण कुंपणापाशी उभे राहायला कोणाची परवानगी लागत नाही. तिथून मी ओरडेन.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र, आणि नम्रपणे अजूनही रागावलेली,

ॲबिगे लिंडो
विल्टनफील्ड, सेंट मेरी
मंगळवार, दि. ८ ऑक्टोबर

पालकाची संमती: मर्लीन लिंडो (ती म्हणते की समितीने खाल्लेल्या डम्पलिंगांचा उल्लेख काढून टाक, बरे दिसत नाही. मी काढलेला नाही.)

सोबत:
१. फलकावरील यादीची हाताने केलेली नक्कल.
२. मिस टॅपर यांचे शिफारसपत्र.
३. गरजू विद्यार्थिनीचे छायाचित्र: जोडलेले नाही.
४. विल्टनफील्डच्या मैदानावरील गोलचौकटीचे छायाचित्र, एक प्रत आपणास, एक ब्रुकलिनला रवाना. चौकट रिकामी आहे. शनिवारी नवा फोटो काढता येईल.