तारेतली टकटक

प्रिय दादा,

जी गोष्ट आपण दुसऱ्याला हात धरून शिकवतो, तीच आपण स्वतः विसरू शकतो का? मी पुष्कळ विचार केला. मला उत्तर देता येत नाही. तुला येईल, म्हणून लिहितेय. पण आधी सगळं सांगते, कारण तुला यातलं किती ठाऊक आहे, हेच मला ठाऊक नाही.

तू कामाच्या धावपळीतून घरी येऊन गेलास, त्याच आठवड्यात झाडताना मला माझ्या टेबलाखाली एक काळं, नखाएवढं बूच सापडलं. मी ते पेन्सिलींच्या डब्यात टाकलं आणि विसरले. मग एकदा जेवताना बाबांनी भाकरीवरून नजर न उचलता विचारलं, "गुदमरायला होतं का गं या घरात? खिडकी उघडून देऊ?" आई हसली. माझा घास तोंडातच राहिला. तो शब्द माझा होता. दुपारीच मी माझ्या खोलीत दार लावून मैत्रिणीला फोनवर म्हणाले होते, की दृष्टिहीन मुलांच्या निवासी शाळेतून नेमणूक आली आहे, मी होकार कळवलाय, घरी सांगायचं धाडस होत नाही, आणि इथेच राहिले तर गुदमरेन.

बाबांनी दाराला कान लावला म्हणावं, तर छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान कधीच नेले. दारावरची घंटाही त्यांना ऐकू येत नाही. मला आईचा संशय आला. मग मैत्रिणीचा. तिच्याशी दोन दिवस नीट बोललेसुद्धा नाही, बिचारी. मग ते बूच आठवलं.

माइक जिला जोडतो ती माझी डबी मी भिंतीपासून पुढे ओढली. मागे तार होती. तीच, आवाज उजेडातून वाहून नेणारी. मी दृष्टिहीन मुलांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करायला लागले तेव्हा तुझ्या रेकॉर्डरच्या पंख्याची घरघर माइकमध्ये यायची, म्हणून तू तो बाबांच्या खोलीत ठेवलास आणि ही तार दारावरून तिकडे नेलीस. तिचं टोक माझ्या तळहातावर धरलंस, लाल ठिपका उमटला, आणि म्हणालास, "मास्तरीणबाई, हा बघा तुमचा आवाज." पुढे लॅपटॉप आला. तार तू तुझ्या पेटीत घातलीस, डबीच्या भोकाला बूच लावलंस. पेटीची किल्ली तुझ्याकडेच असते, दादा.

मी तार उपसून टोक तळहातावर धरलं. लाल ठिपका. पण तूच सांगितलं होतंस, डबी चालू असली की हा उजेड असतोच, पलीकडे कुणी ऐको न ऐको. आणि माइकमध्ये जे शिरतं ते सगळं तारेतून जातं, मी रेकॉर्डचं बटण दाबो वा न दाबो. म्हणून मी एक खोटेपणा केला. तार परत लावली आणि रिकाम्या खोलीत पुटपुटले, "डोकं फार दुखतंय." थोड्या वेळाने बाबा बामची बाटली घेऊन दारात उभे. म्हणाले, "चेहरा उतरलाय तुझा." मी बाम लावून घेतला. काय करणार?

ते फिरायला गेले तशी मी त्यांच्या खोलीत शिरले. रेकॉर्डर पलंगाखाली, चादरीच्या घडीत, हेडफोनसकट. आधी माझे अलीकडचे धडे होते, एकामागून एक, ढगांचा, मुंग्यांचा. मग तो फोन. शेवटी माझं दुखणारं डोकं. आणि सगळ्यावर टकटक. बारीक, अनियमित, शब्दांच्या मधोमध.

ती टकटक मी ओळखली. तारेने जोडलेल्या दोन यंत्रांत घड्याळ एकाचंच चालतं, दुसऱ्याने त्याच्या मागून जायचं. दोघं आपापल्या घड्याळाने चालली की आवाज तुटतो. हे तू माझ्याकडून पाठ करून घेतलं होतंस. म्हणजे तार पेटीतून काढून तूच दिलीस, पण घड्याळ लावून दिलं नाहीस. का? बाबांना माझे धडे कानात नीट ऐकू यावेत म्हणून दिलीस, आणि घाईत विसरलास? की माझ्यावर लक्ष ठेवायला दिलीस? की त्यांना नाही म्हणता येईना म्हणून दिलीस, आणि एवढी एक टकटक माझ्यासाठी मागे ठेवलीस, कधी हाती लागली तर कळावं म्हणून? एक दिवस एकावर विश्वास बसतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावर. तुझ्याविषयी असं वाटावं, याचंच जास्त वाईट वाटतं.

मात्र हे पत्र घरातून लिहिलेलं नाही, हे पाकिटावरच्या शिक्क्यावरून तुला कळलंच असेल. निघण्याआधी मी बाबांच्या रेकॉर्डरमधलं घड्याळ बदललं. आता तो माझ्या डबीच्या घड्याळाने चालतो. मग ते खोलीत गेल्याची चाहूल लागल्यावर मी माइकसमोर बसले आणि म्हणाले, "बाबा, ऐकताय ना? मी शाळेत रुजू होतेय. गुदमरते म्हणाले ते खरं आहे. बाम आणलात तेही खरं आहे. आता बाहेर येते, मला पाहून रागवा." बाहेर आले तर ते पलंगावर बसलेले, हेडफोन कानांवरच. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आज स्वच्छ ऐकू आलं." मी तार दोन्हीकडून सोडवून गुंडाळली आणि बॅग उचलली. डबीच्या भोकाला बूच लावूनच निघाले. तार याच पाकिटात आहे. ती कुणाला द्यायची ते तू ठरव.

तुझीच, अजून तुझीच,
मास्तरीणबाई