पदराला बांधलेला फ्यूज

माय, तुझ्या पदराची गाठ मी यंदाच्या उन्हाळ्यात एका सबस्टेशनात मारली. पदर नव्हता, ओढणी होती, पण गाठ तुझीच. तेव्हापासून तुला हे सांगायचं राहिलंय. तू असतीस तर काचीगुड्याच्या घरात शिरल्या शिरल्या, चप्पल काढायच्या आत मी सगळं सांगून टाकलं असतं आणि तू म्हणाली असतीस, आधी हातपाय धू. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी काही चांगलं घडलं की ते तुला सांगायची सवय काही जात नाही. तुला वाचता येत नव्हतं. गावाकडून आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. तुझ्या नातीला वाचता येतं, पण ती तेलुगू आणि इंग्रजी फाडफाड वाचते आणि मराठी अक्षरं मात्र चाचपत चाचपत. म्हणजे हे पत्र घरात एकटी मीच वाचणार. तेव्हा जराशी फुशारकी मारली तरी चालून जाईल.

बेगम बाजारातली ती मिरचीची गिरणी आता राहिली नाही. तिथे प्लास्टिकच्या डब्यांचं दुकान झालंय. शाळा सुटली की मी तिथे यायचे आणि पोत्यांवर बसून अभ्यास करायचे, म्हणजे निम्मा वेळ शिंकायचे. तू नाकातोंडाला पदर गुंडाळून यंत्रात मिरची ओतत असायचीस, आणि पदराच्या वर फक्त तुझे डोळे दिसायचे, लालभडक. तुझे हात दिवसभर मिरचीत, त्यामुळे आमच्या गालावरून तू हात फिरवायचीस तो मनगटाच्या उलट्या बाजूने. मला अजूनही कुणी तळहाताने गाल कुरवाळला की परक्यासारखं वाटतं.

तुझ्या उजव्या करंगळीचं पेर त्या यंत्राने खाल्लं तेव्हा मी फार लहान होते, मला ते तुझ्या तोंडूनच माहीत. मिरची अडकली होती, तू आत हात घालून ती काढत होतीस, बटणापाशी उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, झालं का, आणि तुझ्या शेजारणीने तुझ्या वतीने हो म्हणून टाकलं. तिला खरंच तसं वाटलं होतं. तू तिला कधी बोल लावला नाहीस, पुढे कितीतरी वर्षं तुम्ही दोघी एकाच डब्यातून जेवलात. पण त्या दिवसापासून यंत्रात हात घालायच्या आधी तू भिंतीवरचा चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपसून काढायचीस, पदराच्या टोकाला बांधायचीस, आणि मगच आत हात. मला एक दुपार अगदी स्पष्ट दिसते. लग्नसराई आहे, बाहेर गिऱ्हाइकाचा टेंपो उभा आहे, सेठ घड्याळ बघत ओरडतोय. तू खाली वाकलेली, तुझा अर्धा दंड यंत्रात. तू मान वर न करता सांगतेस, "हात मेरा है सेठ. मैं बोली तो चालू करो." सेठ बाहेर जाऊन टेंपोवाल्याला थांबायला सांगतो. मी पोत्यावर बसून भूगोलाचं पुस्तक उलटं धरलेलं, आणि मला वाटतं, आख्ख्या बाजारात माझ्या आईसारखी बाई नाही.

अर्थात हाच नियम तू घरी आणलास तेव्हा मला तितका आवडला नाही. आपल्याकडे पहिल्यांदा मिक्सर आला ते दिवस. माझी धाकटी बहीण बोटांनी भांड्यातली चटणी खाली सारत होती, तू बटणापाशी होतीस. तू विचारलंस, काढला का हात? मी समोरच बसले होते, तिने हात काढलेला मी डोळ्यांनी बघितला होता, म्हणून मी म्हटलं, हो, काढला. तू उलथनं उचललंस आणि माझ्या पोटरीवर सणसणीत हाणलंस. "तुला इचारलं का म्या? हात तिचा हाय, तीच सांगल." मी रडत सांगत होते की मी खोटं नाही बोलले, हात बाहेरच होता. तू म्हणालीस, "आसंल. तरी तीच सांगल." मला तो अन्याय वाटला, आणि खरं सांगू, पुष्कळ वर्षं वाटत राहिला.

मी इंजिनिअर झाले, वीज खात्यात लागले. नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी गल्लीत सगळ्यांनी पेढ्यांची वाट बघितली आणि तू वाटल्यास गरम मसाल्याच्या पुड्या, स्वतः कांडलेल्या. बायका चिक्कडपल्लीपर्यंत सांगत सुटल्या की अशी मिठाई आम्ही जन्मात पाहिली नाही. तू कशाला ऐकतेस. माझी लेक लाइटीची साहेब झाली, एवढंच तू प्रत्येक दारात सांगितलंस, आणि पुडी हातात ठेवून पुढे गेलीस.

आता यंदाचं सांगते. माझ्याकडे जहिराबादच्या पुढची, सीमेलगतची गावं आहेत. तिथली माणसं एका वाक्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी सगळं बोलतात, तुला तिथे फार करमलं असतं. बुद्धपौर्णिमेची खीर करून मी ड्यूटीवर परतले आणि त्याच दुपारी आभाळ काळंनिळं झालं. वारा आणि गारा. तसा दर उन्हाळ्यात एखादा तडाखा असतोच, म्हणून पहिल्या दिवशी कुणी फार मनावर घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपार कलली आणि पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. त्या तिसऱ्या दिवशी लोकांनी जे पाहिलं त्याला ते सुडिगाली म्हणतात, आपण वावटळ म्हणू, पण आपली वावटळ पाचोळा उडवते. हिने ढगातून जमिनीपर्यंत मातीचा एक फिरता खांब उभा केला आणि तो तीन गावांच्या शिवारातून चालत गेला. शाळेचं छप्पर तळ्यात सापडलं. कडब्याच्या गंजीच्या गंजी गेल्या, आमराईत एक झाड धड उभं नव्हतं आणि खाली कैऱ्यांचा खच. आमचे सिमेंटचे खांब उसाच्या कांड्यांसारखे मोडून पडले होते. बैलगाडीखाली लपलेल्या दोन पोरी सुखरूप निघाल्या, गाडी मात्र कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही.

आम्ही सकाळी खांब उभे करायचो आणि दुपारी वारा ते पुन्हा आडवे करायचा. तुला वाटेल मी रडगाणं गातेय, पण नाही, ती माणसं तू बघायला हवी होतीस. चिखलात ट्रॅक्टर जाईना तेव्हा ज्यांची स्वतःची घरं उघडी पडली होती त्या गड्यांनी खांब खांद्यावर घेऊन शेतातून नेले. एका बाईच्या घराला चार भिंतीच तेवढ्या उरल्या होत्या, वर आभाळ. तिने तिथल्याच चुलीवर भाकऱ्या थापून माझ्या माणसांना वाढल्या आणि वर मलाच दटावलं की मेडम, तुम्ही किती वाळलात. माझ्या लाइनमन लोकांबद्दल तर काय सांगू. गारांनी पाठी काळ्यानिळ्या झालेल्या, तरी एकाने सुट्टी मागितली नाही.

चौथ्या दिवशी आभाळ निवळलं. पाण्याच्या टाकीच्या मोटारीपर्यंतची लाइन दुपारनंतर एकदाची जोडून झाली. तिन्ही गावांत पाणी नव्हतं, रस्त्यावर झाडं पडल्यामुळे टँकर येत नव्हते, आणि सबस्टेशनाच्या फाटकाशी घागरी घेऊन बायापुरुषांची ही गर्दी. आमच्याकडे नियम असा की जो माणूस तारेवर चढणार तो आपल्या नावाने लाइन बंद करून घेतो, आणि खाली उतरल्यावर त्यानेच ती परत द्यायची; तोवर सबस्टेशनातून वीज द्यायची नाही. त्या दिवशी लाइन होती आमच्या सगळ्यांत जुन्या लाइनमनच्या नावावर. त्याच्या फोनची बॅटरी केव्हाच संपलेली. मोटरसायकलवरून त्याचा जोडीदार आला, धापा टाकत म्हणाला, "सब उतर गए मेडम, मैं देखा. उनो पीछे आ रैं. लाइन देओ." मी विचारलं, त्याने स्वतः सांगितलं का? जोडीदार गोंधळला. म्हणाला, मी बघितलं ना त्यांना उतरताना.

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन. ते वाईट नाहीत, त्यांच्यावरही वरून सगळ्यांचा मारा चालला होता. त्यांनी तेलुगूत समजावलं, मग आवाज चढवला: माणूस डोळ्यांनी बघून आलाय, लोक पाण्यावाचून आहेत, तुम्ही कशाची वाट बघताय? मी म्हटलं, सर, त्याने स्वतः सांगितल्याशिवाय मी देणार नाही. फोन ठेवला, जोडीदाराला तसाच उलट पावली पिटाळला की जा, त्यांना घेऊन ये. आणि माझ्या लक्षात आलं की बोलता बोलता मी लाइन चालू करायच्या पॅनेलची किल्ली काढून ओढणीच्या टोकाला बांधलीय. विचार करून नाही बांधली. हातांनीच बांधली.

बाहेर आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी म्हणालं, शहरातून आलेल्यांना काय तहान लागते? मला राग आला, तुझाच राग तो, नाकाच्या शेंड्यावर बसलेला. मी फाटकाशी जाऊन सांगितलं की तुमच्यासाठी चार दिवस खांबांवर चढणारा माणूस अजून कुठे आहे ते मला माहीत नाही, तो तारेवर असेल तर मी बटण दाबायचं का? मग सगळे गप्प झाले असं नाही. पण सगळ्यांत पुढे जी म्हातारी होती, मघापासून जी सर्वांत मोठ्याने बोलत होती, तिने डोक्यावरची घागर खाली ठेवली, फाटकाला पाठ लावून मातीत बसली आणि मागच्यांना म्हणाली, "तीन दिन रुके, अब घंटा नै रुकते क्या?" तिच्या शेजारी दुसरी बसली. मग बऱ्याच जणी बसल्या. मी आत जाऊन खुर्ची पॅनेलसमोर ओढली आणि गाठ मुठीत धरून बसले.

ऊन पार उतरलं तेव्हा मोटरसायकल आली. जोडीदार चालवत होता, मागे जुना लाइनमन, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. सगळे खाली उतरले होते हे खरंच होतं. पण परत येताना त्याला वळणापलीकडे तारेत अडकलेला एक पत्रा दिसला, कुणाच्या तरी घराचा. लाइन सुरू होताच सगळं पुन्हा बंद पडलं असतं, म्हणून तो एकटाच परत चढला, कुणाला न सांगता. जोडीदार मला लाइन द्या म्हणत होता तेव्हा हा माणूस तारेवर होता. जोडीदार पुन्हा पुन्हा सांगू लागला, मी खरंच बघितलं होतं मेडम. मी त्याला म्हटलं, तू खोटं नाही बोललास, तू जे पाहिलंस ते खरंच होतं. जुन्याला मात्र मी असं फैलावर घेतलं की तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, पुरे आता. शेवटी तो म्हणाला, "मैं उतर गया मेडम. लाइन लेओ." मी म्हटलं, पुन्हा सांगा. तो हसला आणि पुन्हा म्हणाला. तेव्हा मी गाठ सोडली. ती इतकी घट्ट बसली होती की मला दातांनी सोडवावी लागली.

पाणी आलं. त्या म्हातारीने पहिल्या घागरीतला तांब्या आणून लाइनमनच्या हातांवर ओतला, मग त्याच्या डोक्यावरही. वरिष्ठांना मी फोन करून झालं ते सांगितलं. ते म्हणाले, हे तुम्हाला कुणी शिकवलं? नियमावलीत आहेच, मी सांगू शकले असते. मी म्हटलं, माझ्या आईने, ती बेगम बाजारात मिरची कांडायची. माय, हे वाक्य मी एवढ्या ताठ मानेने म्हटलं की टेबलावरचा पंखाही माझ्याकडे बघत असावा. आता आमच्या सबस्टेशनात किल्लीला एक सुतळी आहे. लाइन बंद झाली की जो ड्यूटीवर असेल तो ती मनगटाला बांधतो. कुणी सांगितलं नाही त्यांना, त्यांनी आपणहून सुरू केलंय.

एवढंच सांगायचं होतं. हे टाकायचं कुठे, म्हणून घडी घालून मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवते. आणि एक गोष्ट, जी मी धाकटीलाही सांगितलेली नाही. तू गेलीस तेव्हा मी ड्यूटीवर होते. मला धाकटीने फोनवर सांगितलं, मग डॉक्टरांनी, मग गल्लीतल्या प्रत्येकाने. त्यातलं कुणीच खोटं बोललं नाही, मी मानलंही. पण तू स्वतः नाही सांगितलंस. घरात दुसरं कुणी नसलं आणि चटणी वाटायची असली की मी मिक्सरच्या बटणावर बोट ठेवून हळूच विचारते, माय, काढला का हात? आणि जरा वेळ थांबते.