आमचं लग्न, मिक्स मीडिया

३ फेब्रुवारी
प्रेमराज जाऊन दोन महिने झाले. मी पूर्ण सावरलो आहे. धुळ्याला त्याच्या तेराव्याला मला 'जळगावचे मित्र' म्हणून पंगतीत बसवलं. नऊ वर्षांच्या संसारावर बुंदी वाढली. रडलो नाही. दुसऱ्यांदा मागून घेतली.

४ फेब्रुवारी
ठरलं. आईला सगळं सांगायचं. तोंडानं जमत नाही, पण मी चित्रकलेचा शिक्षक आहे. मिक्स मीडियात सांगीन. प्लायवूडवर त्याचा सदरा आणि माझा. त्याच्या काजांत माझी बटणं. भोवती जळगाव-धुळे एसटीची तिकिटं. वर आईनं जमवलेल्या मुलींच्या बायोडेटांच्या मुंडावळ्या. नाव 'आमचं लग्न'. बघणाऱ्याला आधी हसू येईल, मग कळेल. कळणारच.

११ फेब्रुवारी
त्याचा सदरा कापवेना. कात्री बोथट आहे. अख्खाच चिकटवला.

१६ फेब्रुवारी
धुळ्यात प्रदर्शन. आईला मुद्दाम नेलं. पहिलं बक्षीस मिळालं. विभाग: टाकाऊतून टिकाऊ. आईनं नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. बत्तीस अंगठे. एका अर्थी जाहीर झालंच.

१७ फेब्रुवारी, सकाळी
चित्र घरी आणून हॉलमध्ये लावलं. आई बराच वेळ समोर उभी होती. मग म्हणाली, खिसा शाबूत आहे, लाइटबिलं ठेवायला बरा. हा स्वीकारच म्हणायचा.

२२ फेब्रुवारी
उद्या चाळीसगावचे पाहुणे घर बघायला येणार. मुलगी सुलक्षणा. बरंच झालं, सगळ्यांसमोर एकदाच सांगतो. वाक्य तयार आहे: प्रेमराज माझा मित्र नव्हता. आरशासमोर चार वेळा म्हटलं. आवाज ठाम.

२३ फेब्रुवारी
मुलीचे वडील लोटनआबा चित्राखालीच बसले. प्रेमराजच्या सदऱ्याचं कापड चिमटीत धरून म्हणाले, "हाऊ दुसरा सदरा कोना शे?"
हीच वेळ होती. आई पोह्यांची बशी धरून माझ्याकडे बघत होती.
"मित्राचा," मी म्हणालो. "वारला तो."
आबांनी मान हलवली. "मानूस गया, पन कपडा टिकना."
आई म्हणाली, आमचा पोरगा काहीच टाकत नाही.
संध्याकाळी त्यांचा होकार आला. माझा नकार लेखी कळवणार आहे. लेखी बरं पडतं.

९ मार्च
नकाराचा मसुदा तयार आहे. शुद्धलेखन तपासायचं राहिलं.
आबा येऊन चित्र घेऊन गेले. सुलक्षणाला हातकाम येत नाही, म्हणून ते तिच्या रुखवतात मांडणार आहेत. खाली चिठ्ठी: चि. सौ. कां. सुलक्षणा हिच्या हातचं. अक्षर चांगलं म्हणून मलाच लिहायला लावली.
आता रुखवत उचललं की लगेच कळवतो.