आक्का, मच्छेची बैठक झाली

प्रिय आक्का,

बैठक झाली! तुमच्याशिवायची पहिली. मच्छेत, रेणुकाच्या घरी. परत येऊन चपला काढायच्या आधी मी फोन हातात घेतला, तुम्हाला सांगायला. फोनमधलं तुमचं नावही काढलं. मग तशीच उंबऱ्यात बसून राहिले. तनूचे बाबा आतून म्हणाले, "लिव्ह की मग. सांगून झाल्याबिगर तुझं पोट हलकं व्हायचं न्हाय." म्हणून लिहितेय.

तुम्ही आमच्या दारात पहिल्यांदा आलात, तेव्हा मी तुम्हाला हाकलायलाच निघाले होते, माहीत आहे? जाड भिंगाचा चष्मा, काखेत छत्री, मोठा आवाज. वाटलं, आली आणखी एक शिकवायला! त्या दिवसांत जो भेटेल तो मला काहीतरी शिकवून जायचा. तनू अपुऱ्या दिवसांची. पाय ताठ, ऐकू कमी, वर अधूनमधून फिट यायची. पायांचा व्यायाम गावाच्या एका टोकाला, कानाचा दवाखाना दुसऱ्या टोकाला, फिटचे डॉक्टर तिसरीकडेच. वाढती पोर कडेवर घेऊन मी बस बघत उभी. कानाच्या मॅडम म्हणायच्या, "ऐकायचं मशीन दिलंय ते लावत का नाही तुम्ही?" व्यायामाचे सर म्हणायचे, "हिला ऐकूच येत नाही, मी करून काय घेऊ?" अंगणवाडीच्या बाई म्हणायच्या, "चालायला लागू दे आधी."

आणि तनूच्या बाबांनी लांबच्या एका वसतिगृहाची चौकशी करून ठेवली होती. चार वर्षांची पोर, आक्का! पण त्यांना तरी काय बोलू? दिवसभर मी बाहेर, घरातल्या विजेच्या मागाला सुताच्या कांड्या भरून द्यायला कोणी नाही, माग बंद. घर कशावर चालणार?

तुम्ही म्हणालात, "मी काय सांगायला आले न्हाय गं. चहा टाक. मी नुसती बसते."

आणि खरंच बसलात की! सगळी दुपार. माग चालू असताना तुम्हाला माझं बोलणं ऐकू येईना, कानाला हात लावून "आँ? आँ?" करत होतात. मला हसू येत होतं. तेवढ्यात मी तनूला मशीन लावलं आणि तिनं ते ओरबाडून फेकलं. तुम्ही तनूच्या बाबांना खुणेनं माग थांबवायला लावलात. मशीन उचललंत, पुसलंत, तिच्या कानात बसवलंत. राहिलं! तनू तुमच्या बांगड्यांशी खेळत बसली. माग पुन्हा सुरू झाला आणि मशीन पुन्हा भुईवर.

"हे त्या मॅडमना म्हायती हाय?" तुम्ही विचारलंत.

"मला कोण विचारलंच न्हाय," मी म्हटलं. आणि मला जे रडू आलं! तुम्ही गप्प बस म्हणाला नाहीत. चहा मात्र मागितलात, दुसरा.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात बैठक भरवलीत. कोण कोण बसलं होतं! कानाच्या मॅडम, व्यायामाचे सर, अंगणवाडीच्या बाई, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. मला इतकं अवघडल्यासारखं झालं. बसायला सगळ्यांना खुर्च्याही नव्हत्या. तुम्ही पोत्यावर मांडी घालून बसलात आणि तनूच्या बाबांना ओरडलात, "परशराम, माग चालू कर रं!"

मॅडमनी पिशवीतून डॉक्टरांसारखी नळी काढली, एक टोक तनूच्या मशीनला जोडलं आणि दुसरं स्वतःच्या कानात घातलं. अजून डोळ्यांसमोर आहे त्यांचा चेहरा. एकदम नळी काढून म्हणाल्या, "अय्यो देवरे!" गोकाककडच्या त्या, कन्नड बोलणाऱ्या, मराठी मोडकं-तोडकं. तनूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "इतका मोठा आवाज हिच्या कानात? मी असते तर मीपण टाकून दिला असता."

मग तनूचे बाबा पहिल्यांदा बोलले. "मॅडम, खरं हाय. पर माग बंद ठेवला तर आम्ही खायाचं काय?"

मला वाटलं, झालं, संपलं, आता सगळे उठणार. पण तुम्ही म्हणालात, "बंद ठेव असं कोण म्हणालं? दिवसातनं किती वेळ पोरगी मागापासून लांब ठेवता येईल, एवढंच बघूया. बाई, तुमची अंगणवाडी सकाळी असतीया न्हवं?"

बाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "आक्का, मी न्हाय म्हणते ते चालण्यावरनं न्हाय. मला भ्या वाटतंय. हिला फिट आली तर मी एकटी काय करू? एवढी पोरं माझ्या अंगावर."

दोन वर्षं मी त्या बाईंच्या नावानं बोटं मोडत होते! आणि त्या बिचाऱ्या घाबरलेल्या होत्या. सिस्टरनी तिथंच उशी घेतली, कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कधी फोन करायचा, सगळं करून दाखवलं. बाईंनी स्वतः करून बघितलं. सर म्हणाले, पोरगी अंगणवाडीत असेल तर मी या बाजूला येतो तेव्हा तिथंच व्यायाम करून घेईन, तिला आणायची गरज नाही. मॅडम म्हणाल्या, घरात एकच भाषा बोला, तुमची, आणि मीही तीच बोलेन. पुढं त्या मराठी शब्द कन्नड अक्षरांत लिहून पाठ करत होत्या, "चमचा, चमचा" करत. ते बघून तुम्हीच जास्त खूश!

वसतिगृहाचं नाव त्या दिवसानंतर घरात निघालं नाही.

पण संध्याकाळचा प्रश्न राहिला होता. ऐकण्याचा सराव घरीच करायचा, आणि आमचा माग थांबला तरी वडगावातली मागवाल्यांची गल्ली ती, शेजारचे माग थोडेच थांबणार! तुम्ही तनूच्या बाबांना घेऊन घरोघरी गेलात. दिवेलागणीला एक तास माग थांबवा, एवढंच मागणं. आठवतंय, कोपऱ्यावरचे आप्पा काय म्हणाले ते? "आज पोरीसाठी थांबवा, उद्या माझ्या म्हशीसाठी थांबवा!" तुम्ही तितक्याच जोरात म्हणालात, "म्हशीला शाळंत घालणार असशील तर थांबवू की!" सगळी गल्ली हसली. आप्पा रागानं आत गेले. आणि आठ दिवसांनी तेच रस्त्यात उभे राहून ओरडत होते, "ए, बंद करा रं! पोरीचा अभ्यास हाय!"

त्या तासात कसली शांतता असायची, आक्का! लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्या घरात माझीच भाकरी थापल्याचा आवाज ऐकू आला नव्हता.

आणि तनू पहिला शब्द काय बोलली? मी रोज घसा फोडून "आई, आई" करतेय, आणि ही खिडकीतून बाहेर बघून म्हणते, "आप्पा!" म्हातारा गल्लीभर नाचला. मी रुसून बसले तर तुम्ही म्हणालात, "तू घरातच हाईस की गं. हाक लांबच्याला मारत्यात." अजूनही आठवलं की मला बरं वाटतं.

पण आक्का, एक गोष्ट मी तुम्हाला सोडणार नाही. छातीत जळजळतंय म्हणून नुसतं कोकम सरबत पीत का बसलात? आम्हाला तर मुलांच्या शिंका आल्या तरी दवाखान्यात पिटाळायचात! आणि दुसरं. तुम्ही सगळं तुमच्या डोक्यात का ठेवलंत? सरांना सकाळी फोन करायचा नाही, सिस्टरना आधी त्यांच्या सासूबद्दल विचारायचं, कुठल्या साहेबांशी कन्नडमध्ये बोललं की काम पटकन होतं. हे फक्त तुम्हाला ठाऊक. तुम्ही गेलात आणि दोन महिन्यांत सगळं विस्कटलं. सरांचं येणं बंद झालं. कानाची तारीख आणि फिटची तारीख परत एकाच दिवशी. तुम्ही ज्यांच्या घरी बैठका भरवल्यात त्या आम्ही सगळ्या आया परत बसस्टॉपवर. एकमेकींना बघून न बघितल्यासारखं करत होतो.

त्यात रेणुका आमच्या दारात आली, तुम्हाला शोधत. मच्छेची. मुलगा पाच वर्षांचा, बोलत नाही, अंधारात किंचाळतो, रात्रभर जागा. धाकटी तान्ही. नवरा कारखान्यात पाळीवर. तुम्ही गेलात हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तर माझ्याकडं बघून म्हणाली, "मग आता?"

काय सांगू तिला? मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "आक्का होत्या तेव्हा गोष्ट वेगळी होती." मी म्हटलं, "व्हय सर, वेगळी होती. तुम्ही या मात्र." काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही. पण आले! मॅडम आल्या, सिस्टर आल्या, तिकडच्या अंगणवाडीच्या बाई आल्या. शाळेचे मुख्याध्यापक येतो म्हणाले आणि आले नाहीत.

सगळे माझ्याकडं बघत होते. रेणुकाचा नवरा बाहेर कट्ट्यावर, आत यायलाच तयार नाही. "बायकांचं काम हाय," म्हणाला. मी माझ्याबरोबर आलेल्या तनूच्या बाबांकडं बघितलं. ते उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलले, ठाऊक नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, "मीबी वसतिगृह बघून आलतो, एवढंच सांगितलं."

थोड्या वेळानं तो माणूस आत आला. भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "पोरगं रात्री माझ्याच अंगावर झोपतंय. मी रातपाळीला गेलो की त्याला झोप न्हाय." तान्हीला घेऊन वेगळी झोपणाऱ्या रेणुकाला हे नवीनच होतं. आम्ही सगळे तिच्या मागं लागलो होतो, आणि अर्धं उत्तर बाहेर कट्ट्यावर बसलं होतं! सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांकडून पत्र घेऊ, कारखान्यात दिवसपाळी मागू. सर महिन्यातून एकदा मच्छेला यायला कबूल झाले. शाळेचं काही झालं नाही. मी तुमच्यासारखी नाही आक्का, मला सगळं जमलं नाही.

पण त्या शाळेत मी रेणुकाला घेऊन सोमवारी जाणार आहे. मुख्याध्यापक भेटले नाहीत तर परत जाणार, आणि मग परत. हे माझं वचन. आणखी एक देते. पुढची बैठक खानापूरकडच्या एका घरासाठी आहे. तिचे फोन रेणुका करणार, मी नाही. कुणाशी कसं बोलायचं ते मी तिला सगळं सांगणार, तिनं ते तिसरीला सांगायचं. आमच्यातली कोणीही उद्या नसली, तरी दारात आलेल्या बाईला "मग आता?" असं विचारावं लागू नये. मी रेणुकाच्या शेजारी बसेन. गप्प बसेन. तुम्हाला हसू येत असेल. हसा, पण बघाच तुम्ही!

तुमची,
सविता
(तनूची आई), वडगाव